एका पुण्याचे तीन रोहे

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी एका ठेकेदारानं साहेबांना दिली आणि साहेबांनी मला. जानेवारी कोराच गेला. आज लिहायला बसलो, कारण सकाळपासून छातीत धडधडतंय आणि बायकोला, नमिताला, सांगितलं तर तिचीही धडधड सुरू होईल. घरात एकाची पुरे.

अकराच्या सुमारास सुशीलनं, आमच्या हेडक्लार्कनं, टेबलाशी बोलावलं. वरून पत्र आलंय म्हणाला. सरकारी गाड्यांवर जेवढी ई-चलानं थकली आहेत ती त्या त्या दिवशी गाडी चालवणाऱ्याकडून वसूल करायची. कोण चालवत होतं ते लॉगबुकावरून ठरवायचं, आणि लॉगबुकाचा उतारा जोडून पाठवायचा. आपल्या गाडीवर अकरा आहेत.

मी हसलो. एकोणतीस वर्षं गाडी चालवतोय, माझ्यावर कधी हवालदारानं शिट्टी मारलेली नाही. ही अकरा आली कुठून आणि कळलं कसं नाही? तर म्हणे मेसेज एका क्लार्कच्या नंबरवर जात होते. तो रिटायर होऊन नाशिकला गेलाय आणि आलेला प्रत्येक मेसेज इमानेइतबारे पुसतोय.

मग सुशीलनं यादी पुढे सरकवली. तारीख, वेळ, ठिकाण. ठिकाण वाचलं आणि माझं हसू गेलं. नऊ वेळा वेगमर्यादा, दोन वेळा सीटबेल्ट. सगळी एक्सप्रेसवेवरची. सगळी शनिवार-रविवारची.

दंड काय, भरून टाकला असता. भीती दंडाची नाही. त्या अकराही दिवशी माझ्या लॉगबुकात गाडी रोह्याला आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

झोप नीट लागली नाही. इथे कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकतो.

गाडीचं मीटर खोटं बोलत नाही. ते फिरलं की फिरलं. म्हणून लॉगबुकात प्रत्येक किलोमीटरला जागा द्यावी लागते: कुठून निघालो, कुठे गेलो, कशासाठी. साहेबांची सासुरवाडी पुण्याला. आमच्या पेणहून जाऊन-येऊन अडीचशेच्या वर. पेण-रोहा जाऊन-येऊन नव्वदच्या आत. म्हणून एका पुण्याचे तीन रोहे. शनिवारी एक, रविवारी एक, सोमवारी एक. कामाचं स्वरूप: नाला पाहणी. रोह्याचा तो नाला वर्षभरात आम्ही इतक्या वेळा पाहिलाय की त्यातले मासे आमच्या गाडीला ओळखत असतील. साहेबांच्या बायकोला, मॅडमना, गणपतीची मूर्ती बघायला हमरापूरला नेलं तर पाव रोह्यात भागतं.

याला आम्ही खोटं म्हणत नाही. किलोमीटर बसवणे म्हणतो. मला माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्यानं. आणखी एक शिकवलं: आधी सही, मग रकाने. एक तारखेला साहेब महिनाभराच्या ओळींपुढे एकदम सह्या करतात, मी माझ्या करतो, आणि रकाने शनिवारी सावकाश भरतो. सगळीकडे असंच चालतं.

चालत होतं. आता एक्सप्रेसवेवर खांबावर कॅमेरा बसलाय आणि त्याला नाला पाहणी कळत नाही.

एक गोष्ट मात्र समजत नाही. वेगाचं ठीक आहे, साहेब म्हणायचे, "हरेश, जरा दाब," आणि मी दाबायचो. पण सीटबेल्ट? मी अंगणातून गाडी मागे घेतानाही पट्टा लावतो. हे दोन दंड माझे असूच शकत नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांना सांगितलं. घाबरत घाबरत केबिनमध्ये गेलो, तर त्यांनी समोर बसायला सांगितलं. एकोणतीस वर्षांत कुठल्या साहेबानं मला केबिनमध्ये खुर्ची दिली नव्हती. चहा मागवला. यादी नीट वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तू घरचा माणूस आहेस. मी आहे ना."

देवमाणूस आहे.

पण संध्याकाळी एसटी स्टँडवर अलिबागकडचा एक जुना ड्रायव्हर भेटला. त्याच्या ऑफिसात असंच एका लॉगबुकावरून एकाला सस्पेंड केलं, पेन्शन तीन वर्षं अडकून पडली आहे. आता तो कुणाचा तरी टेम्पो चालवतो. माझे चौदा महिने राहिलेत. माझी आई पुतळीबाई धरमतरला मिठागरात डोक्यावर मीठ वाहायची, तळपायाच्या भेगा शेवटपर्यंत बुजल्या नाहीत. मला सरकारी नोकरी लागली तेव्हा तिनं आळीत पेढे वाटले. मुलीचं, मनस्वीचं, नर्सिंगचं अजून दीड वर्ष आहे. चौदा महिने कसेही निभले पाहिजेत. एवढंच मागणं आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी मार्ग काढला.

लॉगबुक भिजून खराब झालं असं दाखवायचं आणि नवीन बुकात सगळं उतरवून काढायचं. फक्त त्या अकरा दिवशी चालक म्हणून माझ्याऐवजी रघूचं नाव लावायचं. रघू आमच्या रोह्याच्या शाखेतला कंत्राटी ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी कधी कधी तो बदली म्हणून येतोच. गाडी रोह्याला त्याच्या ताब्यात होती, पुढे तो ती कुठे घेऊन गेला ते आपल्याला काय ठाऊक, असं साहेब म्हणाले.

मी म्हटलं, साहेब, पण त्याचं काय होईल?

"कंत्राटी आहे रे. ठेकेदार दुसरीकडे लावेल. त्याला ना पेन्शन, ना काही. तुझं किती जाईल बघ."

मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. साहेबांनी पाठीवर हात ठेवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रघूचा विचार डोक्यातून जात नाही. सात वर्षांपूर्वी तो धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता. हाताची साल निघालेली, डोळे कायम लाल. गाडी शिकवा म्हणून माझ्या मागे लागला. शाखेच्या जुन्या जीपवर शिकवलं. सुकेळी खिंडीत चढावर गाडी बंद पडली की घाबरून माझ्याकडे बघत बसायचा, मी सांगेपर्यंत हात हलवायचा नाही. लॉगबुक भरायलाही मीच शिकवलं. पहिल्या महिन्यात तो सही करायच्या आधी सगळे रकाने वाचत बसला होता. मी खेकसलो होतो, वाचत काय बसतोस, परीक्षा आहे का?

ठेकेदार दुसरीकडे लावेल. साहेब उगाच बोलत नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झालं. करून आलो.

रोह्याला शाखेचं टपाल द्यायचं होतं, साहेबांनीच पाठवलं. नवीन बुक पिशवीत होतं. बाकी ओळींपुढे माझ्या सह्या करून अकरा ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. वाटेत नागोठण्याला गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसता बसलो. परत फिरावंसं वाटत होतं. मग टेम्पो चालवणारा तो माणूस डोळ्यांपुढे आला आणि गिअर टाकला.

रघू गाडी पुसत होता. मी म्हटलं, जुनं बुक भिजलंय, तुझ्या बदलीच्या दिवसांच्या सह्या परत लागतील. तो म्हणाला, "किती सह्या, दादा?"

"अकरा."

बॉनेटवर बुक ठेवून त्यानं अकरा सह्या केल्या. एकही प्रश्न नाही. वर तारीख आहे की नाही तेसुद्धा बघितलं नाही. त्याची सही मोठी आहे, खाली एक लांब रेघ मारतो, जसं काही महत्त्वाचं काम उरकलं.

मग घरी घेऊन गेला. त्याची बायको ऋतुजा म्हणाली, "भावजी, जेवल्याबिगर जायाचं नाय." वालाचं बिरडं आणि भाकरी होती. तिनं दोनदा वाढलं. मी खाल्लं. कसं खाल्लं ते माझं मला माहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर बुक भरलं. तीन वेगवेगळी पेनं घेतली, नाहीतर सगळं एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसतं. कोपरे ओट्यावर घासले, दोन पानांवर चहाचा डाग पाडला. किलोमीटर चोख बसले. इतकं सुबक बुक मी आयुष्यात भरलं नव्हतं.

अंगणात नमिता पापड वाळत घालत होती. सुट्टीच्या दिवशी काय लिहिताय म्हणून विचारलं. भिजलेलं बुक उतरवतोय म्हटलं. ती जुन्या बुकाकडे बघत राहिली. ते ठणठणीत कोरडं होतं. मग पापड उलटायला गेली.

रघूच्या अकरा सह्यांपुढे साहेबांची सही मात्र नाही. मी काल विचारलं होतं, तर म्हणाले, त्या दिवशी मी गाडीत नव्हतोच ना, मग सही कशी करू? खरंच की. एवढं बारीक त्यांच्याच लक्षात यायचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही बुकं साहेबांकडे दिली. जुनं फाडून टाकू का म्हणून विचारलं. नको म्हणाले, राहू दे माझ्याकडे. स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. इतर कुणी साहेब असता तर माझ्या अंगावर टाकून मोकळा झाला असता. हे किती जपतात.

रस्त्यात रघूसारखा कुणी दिसला तरी मान वळवतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज नवीनच संकट निघालं.

मनस्वी पनवेलहून आली होती. शेजाऱ्याच्या स्कूटीचं चलान मोबाईलवर बघून देत होती. गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळं दिसतं म्हणाली, फोटोसकट. मी म्हटलं, फोटो? कसला फोटो?

आमच्या गाडीच्या चॅसीचे आकडे मला तोंडपाठ आहेत. सांगितले. वेगाच्या नऊ फोटोंत नुसती गाडी, नंबरप्लेट आणि काळी काच. जीव भांड्यात पडला. मग तिनं सीटबेल्टचा फोटो उघडला.

काचेतून सगळं स्वच्छ. स्टिअरिंगवर मी. छातीवर पट्टा. माझ्या शेजारी साहेब, रंगीत टी-शर्टात, हातात वेफर्सचं पाकीट. पट्टा नाही. मागे साहेबांच्या मॅडम.

"बाबा, हा दंड शेजारी बसणाऱ्यानं पट्टा लावला नाही त्याचा आहे," मनस्वी म्हणाली. "तुमचा नाहीच."

माझी चूक नाही म्हणून ती खूश होती. मला घाम फुटला. नवीन बुकात त्या दिवशी चालक रघू आहे. फोटोत मी दात काढून हसतोय. म्हणजे आता नुसते किलोमीटर बसवलेले नाहीत, दुसऱ्याचं नाव लावलेलं आहे, आणि ते माझ्या हस्ताक्षरात. याला तुरुंगसुद्धा होत असेल. कुणाला विचारायचं?

मनस्वीनं फोटो तिच्या मोबाईलमध्ये ठेवला. असू दे म्हणाली, बाबांचा हसरा फोटो कुठे आहे घरात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना फोटोचं सांगितलं. त्यांचा चेहरा क्षणभर पांढराफटक पडला. उठून दार लावलं. मग शांतपणे म्हणाले, दंड भरला की फोटो पुसला जातो, काळजी करू नको. दुपारी सुशीलनं सांगितलं, अकराही चलानं भरली गेली.

म्हणजे फोटो गेले. साहेबांनी स्वतःच्या खिशातून भरले असणार, माझ्यासाठी. मोबाईलमधला पुसून टाक म्हणून मनस्वीला फोन करणार होतो, पण का म्हणून विचारलं तर काय सांगू?

बुकात रोहा आणि चलानात एक्सप्रेसवे हे कसं, या चौकशीला जिल्ह्याच्या ऑफिसातून कुणी मॅडम येणार आहेत. फक्त रीत म्हणून, असं साहेब म्हणतात. मी किती बोलायचं तेही सांगितलं: विचारलं तेवढंच.

४ मार्च, मंगळवार

चौकशी झाली.

रघूला सकाळी रोह्याहून बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आला. कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं, कायम करणार असतील बहुतेक, असं मला बाहेर बाकावर म्हणाला. मी नुसतं हं केलं.

आत दोघांनाही एकदमच घेतलं. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात लटकवलेला, आवाज हळू. त्यांनी नवीन बुक रघूपुढे ठेवलं. सह्या तुमच्या का? "व्हय, माझ्याच हायत." या दिवशी गाडी तुमच्याकडे होती का?

रघूनं बुक जवळ ओढलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागला. सावकाश, ओठ हलवत. एक ओळ झाली की पान उलटून पुढची. अकराही वाचल्या. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. तो सुकेळीच्या चढावर गाडी बंद पडली की बघायचा तसा बघत होता, मी काय सांगतो त्याची वाट बघत.

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"बुकात लिवलंय तसंच, मॅडम," रघू म्हणाला.

त्याला जायला सांगितलं, मला थांबवलं. मॅडमनी काय विचारावं? हरेश, तुम्ही पट्टा लावता का? रस्ता सुरक्षेचं काही चालू असेल. मी छाती पुढे काढून सांगितलं, नेहमी, मॅडम. आणि तुमच्या शेजारी बसणारे? म्हटलं, ते साहेब लोक, त्यांना पट्टा लावा असं मी कसं सांगणार? ते त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, आणखी काही सांगायचंय? नाही म्हटलं. पाणी पुढे केलं आणि परत विचारलं. मी उठलो तेव्हा दारात तिसऱ्यांदा विचारलं. वर म्हणाल्या, "मी शुक्रवारी दुपारपर्यंत रोह्याच्या विश्रामगृहावर आहे." मला का सांगितलं कळलं नाही. गाडी हवी असेल तर साहेबांना सांगायचं.

बाहेर रघू फाटकाशी उभा होता. टपरीवरून पाण्याची बाटली आणली होती.

"पाणी प्या, दादा. तोंड सुकलंय तुमचं."

मी प्यायलो. त्यानं बाटलीचं झाकण लावलं, परत माझ्या हातात दिली.

"आज मी वाचून बघितलं. तुमी खेकसल्यापासनं पयल्यांदाच," म्हणाला, आणि एसटी स्टँडकडे चालत गेला.

५ मार्च, बुधवार

रघूला काढलं. ठेकेदाराला विचारलं, दुसरीकडे कुठे लावताय? तो म्हणाला, सरकारी गाडी पळवणाऱ्याला कोण ठेवणार? नाव काळ्या यादीत गेलं, आता जिल्ह्यात कुठेही लागणार नाही.

दुपारी साहेबांना ते सांगायला गेलो. फोनवर होते, हातानंच नंतर ये म्हणाले. तासाभरानं परत गेलो. खुर्ची दिली नाही. म्हणाले, हरेश, आता हा विषय बंद. आणि उगाच काही बोललास तर जुनं बुक माझ्याकडे आहे, त्यात प्रत्येक ओळ तुझ्या हातची आहे, लक्षात ठेव.

मी हो साहेब म्हणून बाहेर आलो. जिन्यात आल्यावर पाय थांबले. ते बुक त्यांनी माझ्यासाठी जपलंय असं मी याच डायरीत लिहिलंय. आत्ता मागचं पान काढून परत वाचलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस इतका खुळा कसा असतो?

घरी आलो तर नमिता फोनवर होती. ऋतुजाचा फोन. नमितानं तो माझ्यापुढे स्पीकरवर धरला. "भावजी, यांची नोकरी गेली, काय झालं ते सांगत नायत. नुसतं बसून हायत. तुमी साहेबांकडं शब्द टाकाल काय? तुमचं ते ऐकतात."

टाकतो म्हणालो. फोन ठेवला. नमिता माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघता येईना. तसाच भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. एका पुण्याचे तीन रोहे, कोरडं बुक, अकरा सह्या, बिरडं, सगळं. शेवटी रडलो. लिहायला लाज कसली.

ती उठून पापडाचं पीठ मळत बसली. पीठ इतका वेळ कुणी मळत नाही.

६ मार्च, गुरुवार

रजा टाकली. घराबाहेर पडलो नाही.

मनस्वीला तिच्या आईनं सांगितलेलं दिसतंय. फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, दंड भरला म्हणून फोटो जात नाही. आत्ता परत बघितला. आहे तसाच आहे."

मग मॅडमनी पट्ट्याचं का विचारलं? आणि शेजारी बसणाऱ्याचं? आणि तीन-तीनदा आणखी काही सांगायचंय का म्हणून?

अरे देवा.

त्यांच्याकडे फोटो होता. चौकशीला बसल्या तेव्हाच होता. आणि मी कॅलेंडर बघत होतो.

७ मार्च, शुक्रवार

एसटीत बसून लिहितोय, अक्षर उड्या मारतंय. वडखळ गेलं, आता नागोठणं येईल. हा ड्रायव्हर ब्रेक फार उशिरा लावतो.

भीती गेली आहे असं कुणी समजू नये. नोकरी जाईल, पेन्शन अडकेल, कदाचित आणखी काही होईल. सकाळी तीन वेळा चप्पल घातली आणि तीन वेळा काढली. चौथ्यांदा नमितानं हातात डबा दिला. उचलून बघितला तर जड. दोन माणसांचा होता. "रघूभावजी दोन दिस जेवले नसतील नीट," एवढंच म्हणाली. परवापासूनचं तिचं पहिलं बोलणं.

फोटो मनस्वीनं माझ्या मोबाईलवर पाठवलाय. जुनं बुक साहेबांच्या कपाटात आहे आणि नवीन मॅडमकडे. पण दोन्ही खोटी आहेत. सगळं खरं लिहिलेलं एवढं एकच बुक आहे, ते ही डायरी. ती विश्रामगृहावर मॅडमपुढे ठेवणार. म्हणजे जे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिलं होतं ते सगळं त्या वाचतील. वाचू देत. तिथून रघूच्या घरी जायचं. तो दार उघडेल की नाही माहीत नाही. डबा तरी देऊन येईन.

शेवटची नोंद करून ठेवतो.

दिनांक: ७ मार्च.
कुठून कुठे: पेण ते रोहा.
वाहन: एसटी.
चालक: मी नाही.
कामाचं स्वरूप: ज्या अकरा ओळींवर रघूचं नाव आहे तिथे माझं लावणे.

रकाने भरून झाले. दोनदा वाचून बघितले. आता सही करतो.

हरेश